पहिला भुसा

भात कापून झालं, मळणी उरकली आणि रिकाम्या वाफ्यांत मसुराचे कोंब दिसायला लागले की माझे पाय शिवशिवू लागतात. मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेले बूट पावसाळाभर कुणाच्या लक्षात नसतात. एका वर्षी त्यांत पालीनं अंडी घातली होती. सुगी सरली की मी ते उतरवतो, अंगणात आपटतो, आणि सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून विचारते, "लागलं का वेड?" यंदा तिनं विचारलं नाही. आवाज ऐकून ती दारात आली, जरा वेळ बुटांकडे बघत उभी राहिली आणि परत आत गेली. तिलाही ती सुगी आठवली असणार.

आम्ही हिंडलग्यात राहतो. बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात मी फायली इकडून तिकडे सरकवतो. माझ्यासारखी माणसं रविवारी किल्ल्यावर जातात, धबधब्याला जातात, निदान लग्नाला तरी जातात. मी आणि माझा वकील मित्र प्रकाश मात्र खानापूरच्या रानात मोडलेले रस्ते शोधत हिंडतो. पूर्वी जंगलातलं लाकूड ज्या रस्त्यांवरून डेपोत यायचं, ते हे रस्ते. लाकूडतोड थांबली आणि रस्तेही थांबले. आता ते कुठंच जात नाहीत. "गडावर फोटो तरी बरा येतो, तुमच्या रस्त्यावर बघायचं काय?" असं शेजारी विचारतात. त्यांना पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

लाकडाची वाट पोटऱ्यांनी ओळखायची असते. गुराख्याची पायवाट चढावर सरळ अंगावर येते. लाकडाची वाट तसं करत नाही. भरल्या गाडीच्या बैलांना झेपेल इतकाच तिचा चढ, त्यासाठी ती डोंगराला निवांत वळसे घालत जाते. कारवीच्या झुडपांतून अंग खरवडून घेत, धापा टाकत चाललेलं असताना अचानक श्वास सोपा झाला, की समजायचं आपण रस्त्यावर आलो. मग गवत बाजूला करायचं. खाली तांबड्या जांभ्या दगडात चाकांनी पाडलेल्या दोन खाचा निघतात. पुढं एखादी दगडी मोरी लागते. तिच्यावर पिंपरणी उगवलेली असते आणि खालून पाणी अजून शिस्तीत वाहत असतं. एका ठिकाणी ओंडके ओढायची लोखंडी साखळी ऐनाच्या बुंध्यात अर्धी शिरली आहे. कुणीतरी झाडाला गुंडाळून ठेवली आणि न्यायची राहिली; झाडानं ती सावकाश गिळली. दुसऱ्या एका वळणावर ट्रकचा नुसता सांगाडा आहे, आणि ड्रायव्हर बसायचा तिथं आता उंबर बसला आहे.

चौकीवरचा फॉरेस्ट गार्ड आम्हाला सोडताना दर वेळी कानडीत एकच विचारायचा, "एन सिगतैत्रि अल्लि?" तिथं मिळतं तरी काय तुम्हाला? प्रकाश म्हणायचा, "काय नाही, सावली." गार्ड हसायचा. मला मात्र ते उत्तर बोचायचं. हे सगळे रस्ते सावली बाहेर न्यायलाच तर काढलेले. आणि नेणारे कुणी परके नव्हते. आमच्या गावची, आमच्या घरची माणसं सुगी झाली की कुऱ्हाड-करवत घेऊन या रानात यायची आणि पाऊस तोंडावर आला की घरी परतायची. आजोबा-बापानं कापलेल्या जंगलात मी पाण्याची बाटली घेऊन जंगल बघायला जातो. हसावं की रडावं कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी, त्या सुगीनंतर, आम्हाला एक खड्डा सापडला. लांबट, माणूसभर खोल, कडा जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या, आत पालापाचोळा. गवा पडण्यासाठी खणला असेल असं प्रकाशचं मत पडलं. मी मोबाईलवर फोटो काढला आणि पुढच्या वेळी गावी गेल्यावर आप्पांना, माझ्या वडिलांना, दाखवला. आप्पांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"करवतीचा खड्डा हाय ह्यो," ते म्हणाले. "पर आमचा न्हवं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मशिनी येण्याआधी फळ्या कशा पाडत. खड्ड्यावर दोन वासे आडवे टाकायचे, त्यावर ओंडका. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण खाली खड्ड्यात, आणि मध्ये दोघांच्या हातात उभी करवत. वरचा करवत उचलतो आणि काजळीच्या रेघेवर चालवतो. खालचा ओढतो. लाकूड कापलं जातं ते खालच्याच्या ओढीनं, आणि भुसाही पडतो तो खालच्याच्याच डोळ्यांत. आमच्या घरची जोडी होती दोन भावांची. वर अण्णा, आप्पांचे थोरले भाऊ. खाली आप्पा.

आता हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मला कळायला लागल्यापासून बोलत नव्हते. घर एकच, मध्ये मातीची भिंत, अलीकडे आप्पा, पलीकडे अण्णा आणि त्यांची बायको, आमची मोठी आई. लग्नकार्यात एका पंगतीला बसत, पण मध्ये कुणाला तरी बसवून. आमच्याकडे भाऊ बोलत नसले की लोक कारण विचारत नाहीत. बांध सरकला असणार हे गृहीतच असतं. मीही तेच धरून चाललो होतो.

"आमचा खड्डा मोरीच्या वरच्या अंगाला," आप्पा सांगत होते. "खाली हुबं ऱ्हायलं की नाल्याचा आवाज डाव्या कानात. दिसायचं कायच न्हाय, वर आभाळाचा तुकडा तेवढा, भाकरीएवढा. शेवटच्या साली आमी तिथं फणस खाल्लेला. आठळ्या कडंलाच टाकल्या. एखादी तरी उगवली असंल बग."

"शोधू का?" मी विचारलं.

"गावला तर बगायचा हाय मला," ते म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले. आप्पांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला तोवर आठवत नव्हतं. मी मनातल्या मनात बूट घातले सुद्धा.

मातीच्या भिंतीला कान असतात, आणि आमच्या भिंतीला तर तोंडही होतं. मी निघालो तेव्हा पलीकडच्या ओट्यावरून मोठी आईनं हाक मारली. "शिवा, तुझं अण्णा म्हणत्यात, नाला उजव्या हाताला हाय. डोंगराकडं तोंड करून हुबं ऱ्हायचं. सांग त्येला."

आप्पांनी ऐकलं होतंच. "वैनीला म्हणावं, खड्ड्यात कोण हुतं? त्यो का मी?"

आतून अण्णांचा खोकला आला, आणि खोकल्यामागून आवाज. "खड्ड्यातनं काय दिसतं म्हणावं! वर कोण हुतं?"

हे सगळं माझ्यामार्फत चाललं होतं, आणि मी दोघांच्या मध्ये हातभर अंतरावर उभा होतो.

वडिलांचा शब्द मोडायचा कसा? आम्ही नाला डाव्या हाताला धरून शोधायला लागलो. मोरी सापडली, लाकूड गाडीत चढवायचा दगडी कट्टा सापडला, आणि पुढं रविवारमागून रविवार नुसतं रान. दिवस मात्र असे होते की वाया गेले तरी वाईट वाटू नये. सकाळी गावांवर धुकं बसलेलं असायचं, खळ्यांवरून पिंजराचा, भाताच्या पेंढ्याचा, गोडसर वास यायचा, उन्हं चढली की वाळल्या पानांवर पाय पडून असा आवाज व्हायचा की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटायचं. दुपारी मोरीवर बसून भाकरी-खर्डा खायचा. प्रकाश म्हणायचा, "दोघांतला एक साक्षीदार खोटं बोलतोय." मी म्हणायचो, "आमच्या घरातली माणसं अबोला धरतात, पण खोटं बोलत नाहीत." दर आठवड्याला मी गावी जाऊन हात हलवत उभा राहायचो. आप्पा मान फिरवायचे. पलीकडून मोठी आई म्हणायची, "अण्णा इचारत्यात, उजवीकडं बगितलं का?" मला त्या निरोपांची गोडी लागली होती. इतक्या वर्षांत या दोन ओट्यांवर एकाच गोष्टीविषयी बोलणं चाललं नव्हतं.

गुंता सुनंदानं सोडवला. दोरीवरची चादर काढून आम्ही दोघं घडी घालत होतो. तिनं एक टोक धरलेलं, मी दुसरं. "डावा हात वर घ्या," ती म्हणाली. मी घेतला. चादरीला पीळ पडला. "अहो, माझा डावा! तुमचा उजवा." आणि मी चादर तशीच सोडून दिली.

करवत धरणारे दोघे एकमेकांकडे तोंड करून उभे असतात. अण्णांचं तोंड डोंगराकडे, तर आप्पांची पाठ डोंगराकडे. त्यांचा डावा, तो यांचा उजवा. दोघं एकाच नाल्याबद्दल खरं बोलत होते आणि एकमेकांना खोटं पाडत होते. चादर मातीत पडल्याबद्दल मला बोलणी बसली, पण पुढच्या रविवारी मोरीपासून नाला उजव्या हाताला धरून निघालो तर चहा पिऊन व्हावा एवढ्या वेळात फणस दिसला. ऐन-किंजळाच्या त्या रानात गावातल्या परसातला वाटावा असा एकटा फणस. त्याच्या मुळांत चिऱ्यांची कड दबलेली. खड्डा निम्मा बुजला होता. मी आत उतरून पाठ डोंगराला केली. नाल्यात तेव्हा पाणी थोडंच होतं, पण आवाज डाव्या कानातच आला.

गावी जाऊन सांगितलं तेव्हा शिमगा जवळ आला होता. मी मुद्दामच अंगणाच्या मध्यभागी उभा राहून मोठ्यानं सांगितलं, दोन्हीकडे जावं म्हणून. हातांची गंमतही सांगितली. अण्णा ओट्यावर आले. आप्पांकडे न बघता, पण आप्पांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला ने शिवा. माझं उतरायचं ऱ्हायलंय तिथं."

आप्पा एकदम उठून आत गेले. मी मागोमाग गेलो. "तुम्हीपण चला ना."

"त्यो जाऊन येऊ दे. मी सुगी झाल्यावर जाईन. आता ऊन लागाय लागलंय."

मी फार आग्रह केला नाही. आमच्याकडे सगळंच सुगी झाल्यावर होतं. छपराची कौलं सुगी झाल्यावर, पोरीचं लग्न सुगी झाल्यावर, डोळ्याचं ऑपरेशन सुगी झाल्यावर. या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही. आज मात्र तो शब्द ऐकला की मला धडकी भरते.

अण्णांना मी नेलं. वय झालेलं, पण बैलांसाठी आखलेला तो रस्ता म्हाताऱ्यालाही सोसला. काठी टेकत, मध्ये मध्ये थांबत, इथं गाडी उलटलेली, इथं अस्वल बघितलेलं, असं सांगत ते आले. खड्ड्याच्या कडेला आल्यावर काठी फणसाला टेकवली. मग शर्टाची बटणं काढली, शर्ट माझ्या हातात दिला आणि उघड्या अंगानं, माझा खांदा धरून आत उतरले.

"शर्ट कशाला काढला, अण्णा?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. रानात एक रीत होती. सुगीनंतरचा पहिला ओंडका चढवला की पहिल्या कापाला वरच्यानं खाली उतरायचं आणि खालच्यानं वर जायचं. पहिला भुसा वरच्यानं डोळ्यांत घ्यायचा. वर्षभर आपल्या खाली कोण उभं असणार आहे ते कळावं म्हणून. त्याशिवाय कुठल्याच खड्ड्यावर काम सुरू होत नसे. शेवटच्या वर्षी नेमका त्याच दिवशी ठेकेदार येणार होता, अण्णांना मुकादम करणार अशी बोलवा होती, आणि अण्णांनी नंदगडच्या बाजारातून आणलेला नवा पांढरा शर्ट घातला होता.

"तुझा बाप वर यायला निगालता," अण्णा म्हणाले. "मी म्हणलं, उद्या उतरतो. आज शर्ट खराब हुईल. त्यो काय बोलला न्हाय. खाली गेला आनी वडत ऱ्हायला. उद्याच्याला मी मुकादम झालो, दुसराच माणूस वर उभा ऱ्हायला. फुडच्या साली मशिन आली आनी खड्डंच बंद झालं. मग उतरणार कुठं?"

बांध नव्हता, वाटणी नव्हती. मूठभर भुसा होता. मला राग आला, दोघांचाही. एवढ्याशा गोष्टीवर आख्खं आयुष्य भिंतीआडून काढायचं? पण अण्णा खड्ड्यात उभे होते, बरगड्या दिसत होत्या, आणि मान वर करून ते रिकाम्या आभाळाकडे बघत होते. राग टिकला नाही.

"मी उभा राहू वर?" मी विचारलं.

"तू कशाला? तू कुठं करवत धरलीस?" ते म्हणाले. "बापाला सांग, उतरलो म्हणून."

मी सांगितलं. आप्पांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "वर कोण हुतं?"

"कुणी नाही."

"मग त्येला काय अर्थ?"

पण त्या उत्तरानंतर त्यांना चैन पडेना. शिमगा झाला, उन्हाळा चढला. ओट्यावर बसून ते मधूनच स्वतःशी डोकं हलवायचे. एक दिवस मी आलो असताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. "सुगी झाली की दोघांनाबी ने. मी वर हुबा ऱ्हातो. सांग त्येला." मी सांगायला गेलो तर अण्णा दारातच होते, त्यांनी ऐकलं होतं. "बरं म्हणावं," ते म्हणाले, आणि हसले. त्यांचे पुढचे दात पडले होते ते मला तेव्हा दिसलं. त्यांना असं हसताना मी बघितलंच नव्हतं.

श्रावणात अण्णा गेले. आजार असा काही नव्हता. सकाळी मोठी आई चहा घेऊन गेली, आणि ते उठले नाहीत. पाऊस असा लागला होता की लाकडं पेटेनात. आप्पा छत्रीशिवाय उभे राहिले. लोक म्हणाले, भिजताय, इकडं या. ते हलले नाहीत.

तेव्हापासून मला एकच वाटत राहतं. शिमग्याचं ते ऊन. काय केलं असतं त्या उन्हानं? सकाळी लवकर निघालो असतो, दुपारच्या आत परतलो असतो. डोक्याला टॉवेल गुंडाळला असता. दोघांना दोन बाजूंनी धरलं असतं, रस्ता तर दोन म्हातारे शेजारी चालतील इतका रुंद आहे. मी मनात कितीदा तरी त्या दोघांना त्या रस्त्यानं नेलं आहे. प्रत्येक वेळी मोरीपर्यंत जातात आणि पुढचं मला रचता येत नाही, कारण पुढं ते एकमेकांशी बोलणार असतात आणि तो आवाज मी कधी ऐकलेलाच नाही.

यंदा आप्पांचे गुडघे पुरते गेले. ते ओट्यावर बसून असतात. मोठी आई पलीकडून भाजी आणून देते. मधली भिंत पाडायचं ठरलंय. सुगी झाली की पाडू म्हणाले. सुगी झाली आहे, भिंत आहे. परवा फोनवर आप्पांनी विचारलं, "रस्ता हाय का रं अजून?" मी म्हटलं, आहे. खरं तर कारवी माजली असेल, मोरीचा एखादा दगड निसटला असेल. रान काही कुणासाठी थांबत नाही, आणि थांबावं तरी का, आम्ही त्याला एवढं कापल्यावर?

पण गेल्या सुगीनंतर आप्पा त्या रानात आले होते. अण्णांनंतरची ती पहिली सुगी. प्रकाशच्या जीपमधून शेवटच्या वाडीपर्यंत, पुढं माझ्या खांद्यावर भार टाकून. फणसाखाली आल्यावर मला वाटलं ते आपल्या जागी, खड्ड्यात उतरतील. मी हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि वळसा घालून कडेच्या चिऱ्यावर चढले. ती अण्णांची जागा. डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात पुढं घेतले, करवतीची मूठ धरावी तसे, आणि खाली वाळक्या पानांकडे बघत म्हणाले,

"अण्णा, वड."

नाल्याचं पाणी वाहत होतं.

"वड की रं," ते पुन्हा म्हणाले, हळू.

मग हात खाली सोडले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे चोळायला लागले. मी जवळ गेलो. "आप्पा, काय झालं?"

"काय न्हाय. भुसा गेला डोळ्यात."

वर उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांत भुसा जात नाही. मी त्यांना धरून खाली उतरवलं, आणि आम्ही रस्त्याला लागलो.